'कामात कच्चा' हा शिक्का कोण मारतो?

एखाद्याचे काम कमी पडले तर व्यवस्थापकाने काय करावे? व्यवस्थापनाची पुस्तके सांगतात : कारण शोधा, शिकवा, मुदत द्या, तरीही जमले नाही तर कारवाई करा. वाचायला हे नि:पक्ष वाटते. पण काम कोणाला दिले, ते मोजले कोणी आणि शिकण्याची संधी कोणाला मिळाली, हे प्रश्न त्या पुस्तकांत नसतात. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास या तीन प्रश्नांचाच इतिहास आहे.

गिरणीत कामगाराचा खरा साहेब जॉबर असे. कामावर घेणे, बदलीवर ठेवणे, काम नीट नाही म्हणून काढून टाकणे, सगळे त्याच्या हाती. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक आणी आणि नोकरीसाठी लाचही घेई. मग 'काम चांगले' म्हणजे जॉबरची मर्जी चांगली. १९३१ साली शाही श्रम आयोगानेही जॉबरकडून भरतीचे व बडतर्फीचे अधिकार काढून घ्यावेत अशी शिफारस केली.

खराब कामाची शिक्षा होती दंड. कापडात दोष निघाला की ते कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि किंमत पगारातून कापायची. सूत निकृष्ट होते की साचा जुना होता, हे कोण बघणार? दोष यंत्राचा, भुर्दंड माणसाला.

पण या विणकरांच्या खात्यात आपल्या माणसाला पायही ठेवता येत नव्हता. विणाई खात्यात मजुरी जास्त. तिथे धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण कामगारांनी ते खाते अडवून धरले. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या सूतकताईत अडकला. त्याचे विणकाम वाईट आहे असे कोणी तपासून ठरवले नव्हते. त्याला साच्यासमोर उभेच केले नव्हते, मग त्याची कुशलता दिसणार कुठून?

१९२८ साली मालकांनी 'कार्यक्षमता' वाढवण्याच्या योजना आणल्या. दोन साच्यांच्या जागी तीन साचे सांभाळा, कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू बघा. त्याविरुद्ध एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिन्यांचा संप झाला. मालकाची मोजपट्टी अन्यायाची आहे हे कामगार पुढाऱ्यांना बरोबर कळत होते. धोट्याची मोजपट्टी मात्र त्यांच्या नजरेत येत नव्हती. विणाई खात्यात काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करा, नाहीतर आमच्या लोकांना संपात सामील होऊ नका असे सांगू, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली. तेव्हा कुठे ही मागणी यादीत आली.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, वरच्या जागा त्याच्यासाठी बंद असतात, हे त्यांनी दाखवून दिले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी याच परिषदेतली. आपण ती घोषणा म्हणून वापरतो. तिच्यामागे भरती, बढती आणि मजुरीचा रोकडा हिशेब होता, हे विसरतो.

व्यवस्थापकाच्या मर्जीला पहिला लगाम कायद्याने घातला. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, दंडापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करायला लावली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत असताना, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि त्यावर कारवाई कशी करायची हे लिहून ठेवायचे, आणि कामगारांना समजेल अशा भाषेत लावायचे. तोंडी मर्जीच्या जागी लेखी नियम आला. ज्यांना पिढ्यान् पिढ्या तोंडी हुकमावर राबवले, त्यांच्यासाठी हा बदल किती मोठा!

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही शंभरची मर्यादा तीनशेवर नेली. म्हणजे लहान कारखान्यातला कामगार पुन्हा मर्जीच्या जवळ ढकलला गेला. यावर आपल्या संघटना पुतळ्याच्या प्रश्नावर बोलतात तेवढ्या मोठ्याने का बोलत नाहीत?

कोणी म्हणेल, मग काय, काम न करणाऱ्यालाही जातीच्या नावाने वाचवायचे? मुळीच नाही. आळस आणि बेफिकिरी सगळ्या जातींत आहे आणि तिची चौकशी झालीच पाहिजे. पण चौकशी म्हणजे आधी ठरवलेले निकष, शिकण्याची संधी आणि उत्तर देण्याचा हक्क. हे तीन नसतील तर तो निवाडा नाही, जॉबरचीच मर्जी आहे. फक्त आता तिला 'मूल्यमापन' म्हणतात.

म्हणून खासगी कंपनीत लागलेल्या आपल्या मुलामुलींनी एवढे करावे. काम कमी पडते असे साहेब म्हणाला तर कोणते, किती आणि कोणत्या निकषावर, हे लेखी मागा. आपल्याबरोबर लागलेल्यांना जे प्रशिक्षण, जी कामे मिळाली ती आपल्याला मिळाली का, याची नोंद ठेवा. मेल जपून ठेवा, उत्तर लेखी द्या, एकटे लढू नका. आणि आपले काम खरेच कमी पडत असेल तर शिका, त्यात कमीपणा नाही.

१९२८ मध्ये प्रश्न विणकाम येते की नाही हा नव्हता. धोटा हातात देणार की नाही, हा होता. आज धोट्याच्या जागी चांगला प्रकल्प आहे, मोठा ग्राहक आहे, बढतीची शिफारस आहे. ते कोणाच्या हाती दिले जाते, तिकडे लक्ष ठेवा.

जय भीम!