तंजावुरातील पडताळा
भौतिकशास्त्राचा पेपर सुटताच तंजावुरातही मुले परस्परांची उत्तरे ताडून पाहतात. मतभेद झाला की निवाडा पुस्तकाकडे. याच नगरात सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या जोडीला उपकरणेही होती. १८२६ मध्ये बिशप हेबर यांच्या भेटीच्या वृत्तांतात हवापंप, विद्युत्यंत्र व खगोलीय उपकरणे नोंदलेली आहेत. लाव्हाझिए, लिनिअस यांचे दाखले राजे सहज देत, असेही हेबर लिहितात. राजांनी देवनागरी छापखाना घातला, 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकातून जगाचा भूगोल सांगितला. मुंबईतील मराठी क्रमिक पुस्तकांच्या आधीचा हा उद्योग आपल्या शालेय इतिहासात अभावानेच आढळतो. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले. सरस्वती महाल १९१८ मध्ये सर्वांना खुला झाला.