‘बीबीसी इंग्रजी’ची कुळकथा

ज्या इंग्रजी उच्चाराला आपण ‘बीबीसी इंग्रजी’ म्हणून वाखाणतो, तो फार जुना नाही. लंडन आणि त्याभोवतीच्या साठ मैलांतली भाषा कवींनी वापरावी, असा सल्ला १५८९ मध्येच छापून आला होता. पण उच्चार शिकवण्याचा धंदा उभा राहिला तो अठराव्या शतकात. त्यातले दोन नामांकित मास्तर, टॉमस शेरिडन आणि जॉन वॉकर, मूळचे नट. शेरिडन तर आयरिश.

वॉकरचा उच्चारकोश १७९१ साली निघाला. त्यातल्या दोन नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. ‘प्लांट’, ‘बास्केट’ यांतला लांब ‘आ’ त्याला जवळजवळ गावंढळ वाटत होता. ‘कार्ड’सारख्या शब्दांतला ‘र’ लंडनकर गिळून टाकतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हाच लांब ‘आ’ आणि हाच गिळलेला ‘र’ खानदानी ठरले. ‘र’ ठणठणीत उच्चारणारा सॉमरसेटचा शेतकरी मात्र अडाणी ठरला. त्या ध्वनींत काही वाईट नव्हते आणि काही थोरही नव्हते. ते वरच्या वर्गाच्या तोंडी गेले, म्हणून त्यांचा मान वाढला.

हा मान पक्का केला ईटन, हॅरो यांसारख्या, ‘पब्लिक स्कूल’ म्हटल्या जाणाऱ्या निवासी शाळांनी. तिथे श्रीमंतांची मुले गावाकडची बोली विसरत आणि पुढे फौजेत, न्यायालयांत, हिंदुस्थानच्या सनदी सेवेत जात. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनिएल जोन्सने १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात या उच्चाराला सरळ ‘पब्लिक स्कूल’चे नाव दिले होते. ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ (म्हणजे मान्य उच्चार) हे नाव त्याने स्वीकारले १९२६ मध्ये. त्याच साली बीबीसीने निवेदकांसाठी उच्चार समिती नेमली. अध्यक्ष होते राजकवी रॉबर्ट ब्रिजेस. शाळेच्या भिंतीआडचा हा उच्चार आता रेडिओवरून घरोघर पोचला.

१९४१ मध्ये, ऐन युद्धात, यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला बीबीसीने बातम्या वाचायला बसवले. त्याचा उत्तरेकडचा हेल ऐकून श्रोत्यांनी तक्रारी केल्या. कामगारांच्या तोंडची बोली बातमीत ऐकायची सवय कामगारांनाही उरली नव्हती. या कथेतली सर्वांत क्लेशकारक गोष्ट मला हीच वाटते.

भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७० च्या दशकात अंदाज बांधला, तेव्हा हा ‘प्रमाण’ उच्चार करणारे ब्रिटनमध्ये जेमतेम ३ टक्के होते. वऱ्हाडी किंवा मालवणी वळणाचे इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वर्गात टोकण्याआधी आपल्या शिक्षकांनी हा आकडा आठवावा.