अडीच इंच बर्फ आणि निघायची एकच वेळ

२८ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात, विमानतळावरच्या नोंदीप्रमाणे, २.६ इंच बर्फ पडला. म्हणजे जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. मिनियापोलिस किंवा मॉन्ट्रियलमध्ये एवढ्या बर्फासाठी शाळेची घंटासुद्धा मागेपुढे होत नाही. अटलांटात मात्र त्या रात्री दोन हजारांहून जास्त मुलं शाळेतच झोपली, कितीतरी माणसं दहा-बारा तास आणि काही त्याहूनही जास्त वेळ गाडीत अडकून पडली, आणि बाराशेहून अधिक अपघात झाले.

मराठवाड्यातलं आमचं पूर्णा गाव घड्याळाने त्या शहराच्या साडेदहा तास पुढे आहे. तिथं दुपार असते तेव्हा इथं निजानीज झालेली असते. त्या मंगळवारी आमच्या शेजारच्या घरात रात्रभर दिवा जळत होता. काकूंचा मुलगा अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात नोकरीला होता. म्हणून त्या दिवसाचा घटनाक्रम दोन्ही घड्याळांत मांडतो आहे.

सोमवार, २७ जानेवारी

बर्फाचा मुख्य पट्टा शहराच्या दक्षिणेकडून जाईल, असा अंदाज होता आणि अटलांटा त्या पट्ट्याच्या काठावर होतं. काठावर असलेल्या माणसाला आपण बाहेरच आहोत असं वाटतं, तसंच झालं. शाळा भरवायच्या, कचेऱ्या उघडायच्या असं ठरलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कडाक्याच्या थंडीमुळे शाळा बंद ठेवून झाल्या होत्या. पुन्हा सुट्टी दिली आणि बर्फ पडलाच नाही तर पालक काय म्हणतील, हा विचार प्रत्येक निर्णयाच्या मागे उभा असणार.

खरं तर या शहराला हा धडा आधी एकदा मिळालेला होता. १२ जानेवारी १९८२ रोजी दुपारी बर्फ सुरू झाला, सगळे एकदम घराकडे निघाले आणि रस्ते जागच्या जागी थिजले. त्या दिवसाला तिथं अजूनही ‘स्नो जॅम’ म्हणतात. पण मधल्या ३२ वर्षांत महानगर ५० लाखांच्या वर गेलं होतं, आणि २०१४ साली गाडी चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो दिवस पाहिलेलाच नव्हता. पुण्यातून, नांदेडातून, परभणीतून तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनी तर नाहीच नाही.

मंगळवार, पहाटे ३.३८ (पूर्णेत दुपारचे २.०८)

राष्ट्रीय हवामान सेवेने इशारा वाढवला. आता अटलांटा महानगरही हिमवादळाच्या थेट इशाऱ्यात आलं. रस्ते बर्फाने झाकले जातील, प्रवास अवघड होईल, असा त्याचा अर्थ होता. ही वेळ मी मुद्दाम मिनिटासकट लिहितो. पुढे राज्यपालांनी या वादळाला अनपेक्षित म्हटलं, तेव्हा जॉर्जिया विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ मार्शल शेफर्ड यांनी याच वेळेकडे बोट दाखवलं. इशारा आला तेव्हा शाळेच्या बस अजून आगारातच होत्या. शहर थांबवायला दोन-अडीच तास हातात होते.

सकाळी ८ (सायंकाळी ६.३०)

रस्ते कोरडे. शाळा भरल्या, कचेऱ्या भरल्या. काकूंनी नेहमीप्रमाणे दिवेलागणीला फोन केला. मुलगा कामावर पोचला होता, “बर्फ पडणार म्हणतात, फोटो पाठवतो,” म्हणाला. घरात सगळ्यांना त्या फोटोचीच उत्सुकता. पूर्णेत बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, नाहीतर वळवात पडणाऱ्या गारा. त्याच वर्षी महिनाभराने मराठवाड्यात गारपिटीने हरभरा-गहू झोपवला, ते आमच्या भागाला अजून दिसायचं होतं.

दुपारी १२ (रात्री १०.३०)

शहरात बर्फ धरला. आता जे घडलं, ते सगळं पुढच्या तास-दीड तासात घडलं. शाळांनी मुलांना लवकर सोडलं. मुलं घरी येणार म्हणून आई-वडील कामावरून निघाले. कंपन्यांनी ‘घरी जा’ असा निरोप दिला. सरकारी कचेऱ्यांनीही तोच दिला. रोज सकाळी तीन-चार तासांत शहरात येणारी आणि संध्याकाळी तेवढ्याच वेळात बाहेर पडणारी लाखो वाहनं त्या दुपारी एकाच वेळी चढणीच्या रस्त्यांवर आणि महामार्गांवर उतरली. उत्तर-दक्षिण जाणारे दोन मोठे महामार्ग शहराच्या मध्यभागी एक होतात, त्यामुळे बाहेर जायच्या वाटा मुळातच कमी.

काकूंना फोटो आला. पार्किंगमधली मोटार, काचेवर पीठ भुरभुरल्यासारखा बर्फ. “निघालो,” एवढाच मजकूर.

दुपारी १.३० (मध्यरात्र)

अडीच इंचांनी हे कसं केलं, ते इथं थांबून पाहिलं पाहिजे. कोरडा, भुसभुशीत बर्फ एवढा वाईट नसतो. टायर त्यात रुततो आणि थोडी पकड मिळते. पण गर्दीतली गाडी एकाच जागी उभी राहते, चाकांच्या आणि इंजिनाच्या उबेने खालचा थर पाघळतो, वरून शेकडो चाकं तो दाबतात आणि हवा शून्याखाली असल्याने तो पुन्हा गोठतो. आता रस्त्यावर बर्फ उरत नाही, काच उरते. चढणीवर एका गाडीचं चाक जागच्या जागी फिरलं की ती काच आणखी घासून गुळगुळीत होते, आणि मागच्या गाडीला पहिलीपेक्षा वाईट रस्ता मिळतो. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. जमिनीची ऊब त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

टायरचंही तेच. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. अटलांटात कुणी कशाला घेईल? तिथं वर्षातून एखाद-दुसरा दिवस असा येतो, आणि कित्येक वर्षं तोही येत नाही.

दुपारी ३ (रात्री १.३०)

मुलाचा फोन. काकूंनी स्पीकरवर टाकला.

“कुठपर्यंत आलास रे?”

“आई, ऑफिसपासून दोन मैलांवर हाय. तासाभरात हललोच न्हाई. पुढं चढ हाय, गाड्या आडव्या होऊ लागल्यात.”

“खाल्लंस का काही?”

“डब्यातली एक पोळी उरली होती.”

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी इंजिनावर गेलेली. पूर्णा हे जंक्शनचं गाव, त्यामुळे इथल्या गल्ल्यांत असे लोक पुष्कळ. त्यांनी फोन हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तिथं वाळूची गाडी आली का?”

मुलगा म्हणाला, “आली असंल, पण ती आमच्या मागं अडकलीय.”

काका गप्प झाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पावसात, दवात रूळ ओले असले आणि मालगाडी जड असली की इंजिनाचं चाक घसरतं. त्यासाठी इंजिनाखाली वाळूच्या पेट्या असतात आणि नळीतून वाळू थेट चाक व रुळाच्या मध्ये पडते. ड्रायव्हरने बटण दाबलं की वाळू सुटते. “पण ती चाकाच्या पुढं पडाय पाहिजे,” काका म्हणाले. “घसरलेल्या चाकाच्या मागं वाळू टाकून काय उपेग?”

अटलांटाचं सगळं दुखणं या एका वाक्यात होतं. मिठाचे आणि खडीचे ट्रक होते, पण ते त्याच गर्दीत, त्याच गाड्यांच्या मागे उभे होते. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, म्हणून ते बर्फाच्या आधी रस्त्यावर असावं लागतं, निदान खारं पाणी तरी आधी शिंपडलेलं असावं लागतं. एकदा काच जमली आणि पारा उणे नऊच्या पुढे उतरला की साधं मीठ फार संथ होतं. सकाळी कोरड्या रस्त्यावर जे काम तासाभरात झालं असतं, ते दुपारी कुणालाच करता येत नव्हतं.

काकांनी मुलाला एवढंच सांगितलं: पुढच्या गाडीच्या मागे चिकटू नको, चढ दिसला तर आधी थांब, चढावर थांबू नको. बर्फ आयुष्यात न पाहिलेल्या माणसाचा हा सल्ला बर्फाळ देशांतल्या पुस्तकांतही असाच सापडतो. जोडीला एवढंच की गाडी घसरली तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही, जिकडे जायचं तिकडे नजर ठेवून हलकेच वळवायचं.

संध्याकाळी ५ ते ७ (पहाटे ३.३० ते ५.३०)

अंधार पडला. शहराला वळसा घालणाऱ्या २८५ क्रमांकाच्या महामार्गावर, अडकलेल्या मोटारीतच एका बाईने मुलीला जन्म दिला. बाळाचे वडील आणि तिथं पोचलेला एक पोलीस अधिकारी एवढीच मदत. आई आणि बाळ सुखरूप राहिली. शाळेच्या कितीतरी बस अजून रस्त्यावर होत्या, आत लहान मुलं. ज्या बस निघू शकल्या नाहीत किंवा परत फिरल्या, त्यांतल्या मुलांसाठी शिक्षकांनी वर्गात, व्यायामशाळेत अंथरुणं घातली. राज्यपाल नेथन डील यांनी जॉर्जियाच्या सगळ्या १५९ काउंटींत आणीबाणी जाहीर केली. इशाऱ्यानंतर आख्खा दिवस उलटून गेला होता.

रात्री ९ (बुधवारी सकाळी ७.३०)

इथं सूर्य वर आला होता. स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षा, दूधवाला, सगळं रोजच्यासारखं. काकूंनी चहा केला आणि कुणी घेतला नाही.

तिकडे शहराने स्वतःलाच हात द्यायला सुरुवात केली होती. फेसबुकवर ‘स्नोड आउट अटलांटा’ नावाचा गट उभा राहिला आणि काही तासांत त्यात हजारो माणसं आली. अमुक वळणावर गाडीत गरोदर बाई आहे, तमुक पुलाजवळ मधुमेहाचा रुग्ण आहे, असं कुणी लिहायचं, आणि जवळ राहणारं कुणीतरी पायी पाणी-पोळी घेऊन जायचं. होम डेपो या दुकानमालिकेने जॉर्जिया आणि अलाबामातली २६ दुकानं रात्रभर उघडी ठेवून लोकांना आसरा दिला. माणसांनी मोटारी रस्त्यात सोडल्या आणि चालायला लागली. काही आई-वडील मैलोन् मैल चालत मुलांच्या शाळेत पोचले आणि तिथंच झोपले.

मध्यरात्र (सकाळी १०.३०)

या वेळेला खरा धोका बर्फाचा राहत नाही, गाडीच्या आतला होतो. थंडी वाजते म्हणून माणूस इंजिन चालू ठेवतो, काचा घट्ट लावतो. मागची धुराची नळी बर्फाने बुजलेली असली तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपतो आणि उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांत एका रात्रीत वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत मुलंही होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या बाबतीत संशय याच वायूवर होता. मनाली-सोलंगला डिसेंबरात आपल्याकडूनही पुष्कळ गाड्या जातात, म्हणून हे ठळकपणे लिहितो: गाडी अडकली तर आधी उतरून नळीभोवतालचा बर्फ काढायचा, इंजिन सलग न चालवता मधूनमधून चालवायचं, आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची.

हे सगळं काकांना तेव्हा ठाऊक नव्हतं. पण “इंजिन बंद करून ऱ्हा, अधूनमधून चालू कर, डिझेल संपल,” असं ते मुलाला सांगत होते. गाडी पेट्रोलची आहे, हे सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. शेवटी मुलाने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि चालत एका दुकानापर्यंत गेला. तिथं जमिनीवर पुठ्ठे अंथरून माणसं बसली होती. “आता फोन ठेवतो, चार्जिंग संपायलंय,” म्हणाला. काकूंनी त्यानंतर देव्हाऱ्यापुढे समई लावली.

बुधवार आणि गुरुवार

बुधवारी पहाटेपासून नॅशनल गार्डचे जवान आणि राज्याचे पोलीस बसमधल्या मुलांपर्यंत पोचले. संध्याकाळपर्यंत सगळी मुलं घरी गेली. गुरुवारी लोक आपापल्या गाड्या शोधायला निघाले. रस्त्यांवर दोन हजारांच्या आसपास सोडलेल्या गाड्या होत्या आणि जवान लोकांना मोठ्या वाहनांतून तिथं नेऊन सोडत होते.

राज्यपालांनी जाहीर माफी मागितली. महापौर कासिम रीड यांनी नेमकी चूक सांगितली. ती मला साऱ्या घटनेतली सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी शाळा सोडायला हव्या होत्या, मग खासगी कंपन्या आणि शेवटी सरकारी कचेऱ्या. म्हणजे उणीव निव्वळ मिठाची किंवा बर्फ हटवणाऱ्या नांगरगाड्यांची नव्हती. तीच माणसं, तेच रस्ते, तेवढाच बर्फ, फक्त निघायच्या वेळा तीन असत्या तर ट्रकांना पुढे जायला जागा मिळाली असती.

दोन आठवड्यांनी

११ फेब्रुवारीला त्याच शहरावर दुसरं वादळ आलं. ते पहिल्यापेक्षा घातक होतं, कारण त्यात बर्फाबरोबर गोठणारा पाऊस होता. झाडं आणि विजेच्या तारा त्याच्या वजनाने तुटल्या आणि लाखो घरं अंधारात गेली. पण या वेळी राज्यपालांनी आदल्याच दिवशी, सोमवारी, आणीबाणी जाहीर केली होती. शाळा बंद, कचेऱ्या बंद, ट्रक आधीच रस्त्यावर. महामार्ग दिवसाढवळ्या मोकळे होते आणि मीठ टाकणारे ट्रक त्यावरून सरळ जात होते.

काकूंनी त्या दिवशीही दिवेलागणीला फोन लावला. मुलगा घरीच होता, वीज नव्हती, गॅसच्या शेगडीवर खिचडी टाकली होती. काकांनी फोन घेऊन विचारलं, “वाळूच्या गाड्या?”

“सकाळीच गेल्या बाबा. समोरूनच.”

“मग ठीक,” काका म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला.