गाव नसलेल्या गावाची बस

इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये वॉर्मिन्स्टर नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनाबाहेर ऑगस्टमधल्या एका शनिवारी लंडनच्या जुन्या लाल दुमजली बसगाड्या रांगेत उभ्या राहतात. कपाळावर नंबर 23ए आणि पाटी ‘इंबर’. रीतसर तिकीट, छापील वेळापत्रक, गळ्यात पिशवी अडकवलेला कंडक्टर... सगळं अगदी जागच्या जागी. फक्त इंबरमध्ये कोणी राहत नाही. 1943 पासून!

जुन्या बसवर जीव असलेल्या काही मंडळींनी 2009 मध्ये ही ‘इंबरबस’ सुरू केली. त्यांच्यातले एक पीटर हेंडी, तेव्हाचे लंडनच्या वाहतूक यंत्रणेचे आयुक्त. म्हणजे अख्ख्या शहराच्या बस ज्याच्या हाताखाली, तो साहेब सुट्टीच्या दिवशी स्वतःची राउटमास्टर हाकायला येणार. आपल्याकडे अशी कल्पना करून बघा!

आता हे इंबर काय प्रकरण आहे ते आधी सांगतो.

सॅलिसबरीच्या माळरानावर ब्रिटिश सैन्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच जमिनी विकत घेत होतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत इंबरची जवळजवळ सगळी शेती आणि घरं सरकारची झाली होती, गावकरी नुसते भाडेकरू. 1 नोव्हेंबर 1943 ला गावकऱ्यांना शाळेत बोलावून सांगण्यात आलं की 47 दिवसांत गाव रिकामं करा. युरोपातल्या चढाईसाठी अमेरिकन सैनिकांना सराव करायचा होता. दीडशेच्या आसपास माणसं, नाताळच्या तोंडावर, चंबूगबाळं उचलून निघाली. बहुतेकांचा समज असा की युद्ध संपलं की परत यायचं. गावचा लोहार आल्बर्ट नॅश निघायच्या आधी ऐरणीवर डोकं ठेवून रडत होता, अशी हकीकत सांगतात. पुढे काही आठवड्यांतच तो गेला. त्याला पुरायला मात्र इंबरलाच आणलं.

युद्ध संपलं, पण गाव परत मिळालं नाही. जानेवारी 1961 मध्ये दोनेक हजार लोक मोर्चानं इंबरमध्ये शिरले. चौकशी झाली, आणि निकाल सैन्याच्या बाजूनं लागला. चर्च तेवढं सैन्याच्या मालकीचं नव्हतं, म्हणून ते वाचलं. बाकी गाव आजही सरावाचं मैदान आहे, आणि वर्षातले मोजके दिवस तिथला रस्ता लोकांसाठी उघडतो.

आता थोडं इंजिनिअरिंग. (कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडून पुढे जा, पण सोडू नका.)

ज्या युद्धानं इंबर रिकामं केलं, त्याच युद्धात लंडनच्या बस बनवणाऱ्यांना विमानं बनवायला बसवलं होतं. लंडनची वाहतूक संस्था, पार्क रॉयल ही बॉडी बांधणारी कंपनी आणि आणखी काही कारखाने यांनी मिळून 710 हॅलिफॅक्स बॉम्बर तयार केले. ॲल्युमिनियमचं हलकं पण मजबूत काम, आणि भाग असे अचूक की कुठलाही कुठेही बसावा, हे कसब त्या काळात अंगवळणी पडलं आणि पुढे राउटमास्टरमध्ये उतरलं. पहिला नमुना 8 फेब्रुवारी 1956 ला रस्त्यावर आला आणि 1968 पर्यंत 2876 गाड्या बनल्या. आधीच्या आरटी बसमध्ये 56 जण बसायचे, हिच्यात 64, आणि तरी वजन वाढलं नाही. वर पॉवर स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअर, तेही पन्नासच्या दशकात!

युद्धात अल्डनहॅमच्या शेडमध्ये याच विमानांचं काम चाले. पुढे तिथे बसची मोठी दुरुस्ती होऊ लागली. बॉडी एकीकडे, सांगाडा दुसरीकडे. गाडी आत गेली की तिचा नंबर लगेच दुसऱ्या तयार बॉडीला लागायचा, आणि ती ‘तीच’ बस म्हणून बाहेर पडायची. आमच्या भाषेत आयडी तोच, आतला ऑब्जेक्ट वेगळा. म्हणजे आज जपलेल्या बसपैकी कुठली ‘मूळ’, या प्रश्नाला फारसा अर्थच नाही. भाग बदलत राहिले, चालवणारे आणि दुरुस्त करणारे टिकले, म्हणून बस टिकली.

ऑनसाइट असताना हा शनिवार मी मुद्दाम राखून ठेवला होता. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट पकडली. (या बाबतीत वय आड येऊ द्यायचं नसतं.) कंडक्टरनं दोन वेळा घंटी दिली आणि गाडी हलली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीत वाढलेल्या माणसाला याचं भाषांतर लागत नाही. शहर मागे पडलं की उघडं माळरान सुरू होतं. रस्त्याकडेला गंजलेले रणगाडे आणि न फुटलेल्या दारूगोळ्याच्या इशाऱ्याच्या पाट्या. मग इंबर येतं. खिडक्या-दारं नसलेली घरं, पत्र्याची छपरं आणि उंचावर चर्च. दोनशे माणसं उतरतात, फोटो काढतात, चर्चमध्ये चहा पितात आणि पुढच्या बसनं जातात. तिकिटाच्या पैशातला वाटा चर्चच्या डागडुजीला आणि माजी सैनिकांच्या संस्थेला जातो.

गंमत अशी की राउटमास्टर जन्माला यायच्या आधीच इंबर ओस पडलं होतं. इथे जिवंत झालेली आठवण ना त्या बसची, ना त्या गावाची. पण मला वाटतं, निष्प्राण दगडी चर्च आणि घरघरणारी बस शेजारी उभी पाहिली की फरक आपोआप कळतो. इंबरच्या भिंती अजून आहेत, तिथला लोहार नाही, शाळा नाही, भांडणं नाहीत. बसचे मात्र सगळे ‘गावकरी’ हजर असतात, ड्रायव्हर, कंडक्टर, तेलानं हात माखलेला मेकॅनिक, आणि वरच्या सीटसाठी धावणारी पोरंसुद्धा.

म्हणून मुंबईची आठवण येते. बेस्टच्या दुमजली बस 1937 मध्ये आल्या. शेवटची जुनी डिझेल गाडी 15 सप्टेंबर 2023 ला अंधेरी पूर्व ते सीप्झ या 415 नंबरच्या मार्गावर धावली. किती आयटीवाल्यांनी ती धावत पकडली असेल! आता विजेच्या वातानुकूलित दुमजली बस आहेत, छान आहेत. पण जुनीतली एखादी ठेवायची असेल तर काचेआड ठेवू नका, चालती ठेवा. वर्षातून एक दिवस तरी तिला रस्त्यावर काढा. त्यासाठी तिचं इंजिन उघडता येणारा मेकॅनिक लागेल, आणि त्याच्या हाताखाली शिकणारं एखादं पोरगं. सुटे भाग मागाहून बनवता येतात. ही माणसं आत्ताच शोधावी लागतील.