एफसी७ : एका मोटारीच्या रंगाचा पुरावा

१९७० सालच्या डॉज चॅलेंजर या अमेरिकी मोटारीचे बॉनेट उघडले, की डाव्या बाजूच्या आतील पत्र्यावर स्क्रूने बसवलेली एक छोटी धातूची पट्टी दिसते. तिच्यावर अक्षरे आणि आकडे ठोकलेले असतात. ही पट्टी खालून वर वाचायची. सर्वांत खालच्या ओळीत इंजिन, गिअर आणि गाडीचा क्रमांक. तिच्या वरच्या ओळीत पहिलाच संकेत रंगाचा. तिथे ‘एफसी७’ असेल तर गाडी कारखान्यातून जांभळी बाहेर पडली, ‘ईएफ८’ असेल तर गडद हिरवी. पन्नासहून अधिक वर्षांत गाडी कितीही वेळा रंगवली गेली असली, तरी ही पट्टी जागेवर असेल तर मूळ रंगाची साक्ष ती देते.

या मोटारीचे १/२५ प्रमाणातले प्लास्टिकचे मॉडेल जुळवणाऱ्या माणसाला हीच पट्टी सर्वांत आधी आठवायला हवी. प्रत्यक्षात तो आधी पाहतो ते खोक्यावरचे चित्र. मॉडेलचे सुटे भाग पांढऱ्या किंवा करड्या प्लास्टिकचे येतात, रंग आपण द्यायचा असतो. कोणता द्यायचा, हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. पण ज्याला ती गाडी जशी होती तशी हवी आहे, त्याच्यासाठी तो इतिहासाचा प्रश्न आहे. ताम्रपट, बखर किंवा जुने छायाचित्र हाती घेताना जे प्रश्न विचारावे लागतात, तेच इथेही विचारावे लागतात. गेली काही वर्षे माझा बराच वेळ या प्रश्नांत गेला आहे, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

ज्यांना या गाड्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मध्यम आकाराच्या, फार महाग नसलेल्या मोटारीत भले मोठे व्ही-८ इंजिन बसवायचे आणि ती तरुण गिऱ्हाइकाला विकायची, ही कल्पना अमेरिकेत १९६४च्या पॉण्टिअॅक जीटीओपासून रुजली. पुढे प्लिमथ रोड रनर, डॉज चार्जर, शेवरले कॅमॅरो अशी रांगच लागली. यांना ‘मसल कार’ म्हणतात. विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे कायदे आणि १९७३ची तेलटंचाई यांनी तो काळ संपवला. जेमतेम दहा वर्षांचे हे प्रकरण.

या दहा वर्षांच्या उत्तरार्धात रंगांना ऊत आला. क्रायस्लर कंपनीने ‘हाय इम्पॅक्ट’ म्हणजे डोळ्यांवर आदळणारे रंग जादा किमतीला देऊ केले. त्यांची नावे ठेवणाऱ्या मंडळींनी भलतीच मजा केलेली दिसते. एफसी७ हा जांभळा डॉजच्या यादीत ‘प्लम क्रेझी’ आहे. प्लम म्हणजे आलुबुखार, आणि ‘प्लंब क्रेझी’ हा बोलीतला शब्दप्रयोग, अर्थ ठार वेडा. ‘गो मँगो’ नावाचा रंग वाचून आपल्या तोंडाला पाणी सुटेल. पण तो नारिंगी आहे, हापूसच्या रसापेक्षा झेंडूच्या फुलाच्या जवळचा. १९७१च्या ‘क्युरिअस यलो’ या पिवळ्याचे नाव एका स्वीडिश चित्रपटावरून आले. त्या चित्रपटावर अमेरिकेत अश्लीलतेचे खटले चालले होते. फोर्डनेही मागे राहायचे नाही असे ठरवून १९६९मध्ये आलेल्या मॅव्हरिक गाडीसाठी ‘अँटी-एस्टॅब्लिश मिंट’ आणि ‘फ्रॉइडियन गिल्ट’ अशी कोटीबाज नावे काढली. प्रस्थापितांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या पिढीला तिचीच भाषा रंगाच्या डब्यावर छापून विकली जात होती.

आपल्याकडे रंगांची नावे वस्तूंवरून पडतात. वांगी, आमसुली, अबोली, मोरपंखी, शेवाळी. नाव घेतले की वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि दोन बायकांचा आमसुली थोडा वेगळा असला तरी भांडण होत नाही. अमेरिकेतल्या या नावांचे तसे नाही. ती विकण्यासाठी ठेवलेली आहेत, म्हणून रंगाचा शोध घेताना त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे. एकच एफसी७ डॉजच्या दुकानात ‘प्लम क्रेझी’ होता आणि त्याच कंपनीच्या प्लिमथच्या दुकानात ‘इन व्हायोलेट’. जनरल मोटर्सकडचा घोळ याहून मोठा. १९६९च्या कॅमॅरोवरचा ‘हगर ऑरेंज’ आणि त्याच वर्षीच्या पॉण्टिअॅक जीटीओ जज गाडीवरचा ‘कॅरोसेल रेड’ हे एकाच रंगाचे दोन अवतार. एकाचे नाव नारिंगी, दुसऱ्याचे लाल. जज गाडीचे मॉडेल करणारा केवळ नाव वाचून लाल डबा विकत घेईल, आणि त्याच्या टेबलावर कधीच अस्तित्वात नसलेली गाडी उभी राहील. नावाला जाहिरात म्हणून वाचावे आणि संकेताला दस्तऐवज म्हणून, हा पहिला नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे.

पण संकेत म्हणजे रंग नव्हे. एफसी७ ही तीन चिन्हे कितीही वाचली तरी डोळ्यांना जांभळे काही दिसत नाही. त्यासाठी नमुना लागतो. अपघातात चेपलेल्या गाड्या पुन्हा रंगवणाऱ्यांसाठी डिट्झलर, ड्यूपॉण्ट यांसारख्या रंगकंपन्या दरवर्षी पत्रके छापत. त्यांवर प्रत्यक्ष रंगाचे छोटे चौकोन चिकटवलेले असत. बंद फायलीत राहिलेला असा चौकोन हा माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह पुरावा. तरीही तो दुरुस्तीच्या रंगाचा नमुना आहे, कारखान्यातल्या रंगाचा नाही. शिवाय १९७०च्या चॅलेंजर दोन ठिकाणी बनल्या : मिशिगनमधल्या हॅमट्रॅमक येथे आणि लॉस एंजेलिस येथे. दोन कारखान्यांतले फवारे वेगळे, भट्ट्या वेगळ्या, रंगाचे घाणे वेगळे. संकेत एकच असला तरी तिथून निघालेले रंग तंतोतंत एक असतील असे मानायला कारण नाही. ‘मूळ रंग’ हा एक बिंदू नसून छोटासा प्रदेश आहे, आणि नमुन्याचा चौकोन आपल्याला त्या प्रदेशात नेऊन सोडतो, एवढेच.

मग मूळ गाडीच पाहावी, असे कोणी म्हणेल. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर पळवलेली मस्टँग आठवा. तिचा रंग हायलँड ग्रीन, म्हणजे काळपटाकडे झुकणारा हिरवा. ती गाडी अनेक वर्षे लोकांच्या नजरेआड होती. २०२०च्या जानेवारीत फ्लोरिडात तिचा लिलाव झाला, ३४ लाख डॉलरच्या बोलीवर. तिचे मोल असे वाढले, कारण तिला नव्यासारखे केलेले नव्हते. गंज, ओरखडे, विटलेला रंग, सगळे जसेच्या तसे. म्हणजे खरी गाडी समोर आहे. पण तिच्यावर दिसतो तो अर्धशतकाचे ऊन, धूळ आणि गॅरेजातला ओलावा प्यायलेला हिरवा. दरम्यान फोर्डने २००१पासून या चित्रपटाची आठवण म्हणून मस्टँगच्या खास आवृत्त्या काढल्या, आणि त्यांच्या हिरव्याचे नाव ठेवले ‘डार्क हायलँड ग्रीन’. आज अनेकांच्या डोळ्यांत बसलेला ‘बुलिटचा हिरवा’ हा त्या नव्या गाड्यांचा आहे. आठवणीतून जन्मलेला रंग मूळ रंगाच्या जागी जाऊन बसतो, आणि मॉडेल करणारे त्यालाच अस्सल समजतात.

आता मॉडेलच्या आकाराचे गणित. एफसी७ धातूचमकीचा रंग आहे, म्हणजे त्यात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. असा कण ३० मायक्रॉनचा धरला आणि गाडीचा खरा डबा आणून मॉडेलवर फवारला, तर १/२५ प्रमाणात तो कण पाऊण मिलिमीटरचा ठरतो. खऱ्या गाडीवर पाऊण मिलिमीटरची चमचम असती, तर ती तमाशाच्या फडावरची साडी वाटली असती. थराचेही तेच. मॉडेलवरचा ५० मायक्रॉन जाडीचा थर खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटरचा झाला असता. दारांच्या फटी बुजतात त्या यामुळेच. म्हणून रसायनाच्या दृष्टीने अगदी अस्सल असलेला रंग मॉडेलवर खोटा दिसतो, आणि खरा दिसण्यासाठी तो बदलावा लागतो. कण बारीक घ्यायचे, थर पातळ द्यायचे. अस्तराचा रंगही सांभाळायचा, कारण पातळ जांभळा पांढऱ्यावर एक दिसतो आणि करड्यावर दुसराच.

चकाकीबद्दल तर मला तक्रारच करायची आहे. त्या काळी कारखान्यातून निघणाऱ्या या गाड्यांवर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. रंग हाच शेवटचा थर. त्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा असायचा, आणि दोन-चार उन्हाळ्यांत त्याची चमक मंदावायची. आज प्रदर्शनांत उभ्या असलेल्या दुरुस्त गाड्या नव्या असताना होत्या त्याहून चकचकीत आहेत. त्यांची छायाचित्रे पाहून केलेली मॉडेले काचेसारखी लखलखतात. कारागिरी म्हणून त्यांना दाद द्यावी. पण १९७०ची गाडी म्हणून ती फसवी आहेत.

आणि आता मुख्य मुद्दा. मसल कारच्या मॉडेलांचे कोणतेही प्रदर्शन पाहा. जांभळा, पोपटी, भडक नारिंगी, लिंबासारखा पिवळा यांचाच तिथे बाजार भरलेला असतो. नव्या पिढीला वाटते, १९७०च्या डेट्रॉइटचे रस्ते असेच होते. त्या वर्षांतल्या रस्त्यांची, वाहनतळांची साधी छायाचित्रे पाहिली तर वेगळेच दिसते : मंद हिरवे, सोनेरीकडे झुकणारे, तपकिरी, पांढरे, निळे. भडक रंगांना जादा पैसे पडत. शिवाय ती गाडी आठवडाभर कामावर न्यायची आणि रविवारी चर्चलाही.

मग हे भडक रंग एवढे वाढले कसे? एक कारण उघड आहे. जाहिरातींत त्याच गाड्या छापल्या गेल्या, आणि ज्या वस्तूकडे पाहावेसे वाटते तीच लोक जपतात. दुसरे कारण बाजाराचे. संग्राहकांच्या लेखी जांभळ्या गाडीला तपकिरीपेक्षा जास्त भाव, म्हणून दुरुस्तीच्या वेळी रंग बदलून टाकण्याची रीत पडली. गाडी जांभळी होते आणि बॉनेटखालची पट्टी मात्र तपकिरी सांगत राहते. ही अडचण दूर करण्यासाठी नव्याने ठोकलेल्या पट्ट्याही मिळतात. जुन्या पट्ट्या हरवतात, तेव्हा नवी करून घेणे प्रामाणिकपणाचे असू शकते. पण तोच ठोका खोटा दस्तऐवजही तयार करतो. बनावट सनदा आणि वतनपत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. आता अशा गाडीवरून मॉडेल केले, मॉडेलचे छायाचित्र मासिकात आले, त्यावरून आणखी दहा मॉडेले झाली. हजारो चॅलेंजर त्या पहिल्या वर्षी बनल्या. त्यांतल्या साध्या रंगाच्या गाड्या एकदा रस्त्यावरून भंगारात गेल्या, आणि दुसऱ्यांदा स्मरणातून.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो बिनतोड नसला तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. मॉडेल हा छंद आहे. ज्याला जांभळे आवडते त्याने जांभळे करावे. जरूर करावे. एफसी७ काही खोटा रंग नाही, तो कारखान्याने दिला आणि लोकांनी हौसेने घेतला. ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ या १९७१च्या चित्रपटातली चॅलेंजर पांढरी आहे, ती वाळवंटाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसावी म्हणून. तिथे निवड कॅमेऱ्याच्या सोयीची होती आणि ती कोणी लपवली नाही. माझे म्हणणे एवढेच, की मॉडेलच्या बैठकीखाली ‘१९७०, मूळ रंगात’ अशी पाटी लावली, की ती पाटी विधान होते. विधानाला आधार मागायचा हक्क पाहणाऱ्याला असतो. कोणती पट्टी पाहिली, कोणता नमुना, की नुसते खोक्यावरचे चित्र?

माझ्या टेबलावरच्या चॅलेंजरला मी ईएफ८ दिला आहे, गडद हिरवा, धातूचमकीचा. करड्या अस्तरावर तीन पातळ हात, वर पारदर्शक थर नाही. वाळल्यावर दोन हजार नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने छताची आणि बॉनेटची चमक किंचित मोडली आहे. बाजूंची तशीच ठेवली आहे, कारण ऊन वरून पडते. पाहायला येणारे बहुतेक जण तिच्यावरून नजर फिरवून शेजारच्या कपाटाकडे वळतात. एकाने विचारले, रंग द्यायचा राहिलाय का?