बाळगोळी

मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडे गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी सोपविली होती. १९२२ साली तिचा अहवाल सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. त्यात एक आकडा आहे, तो वाचला की पुढची ओळ वाचवत नाही. गिरणी-कारखान्यांतील या बायकांच्या पोटी जन्मलेल्या शंभर मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती! तिच्या गोळ्या परवान्याच्या दुकानातून मिळत आणि त्यांना नाव मोठे गोड होते – बाळगोळी.

अज्ञान, दुसरे काय, असे त्या काळी पुष्कळ शहाण्यांनी म्हटले. मला ते पटत नाही. १९२२चा सुधारलेला कायदासुद्धा बाईला दिवसाला ११ तास कामाला लावू देत होता. घाटावरून आणि कोकणातून आलेले कुटुंब चाळीतल्या एका खोलीत राहायचे, सासू गावाकडे, शेजारीणही गिरणीत. तान्हे ठेवायचे कोठे? गोळी दिली की मूल झोपून राही. भूक लागली तरी रडत नसे, आणि रडत नाही म्हणून त्याला पाजलेही जात नसे. किती मुले अशी वाळून गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आता प्रश्न असा की अफू नेमके करते काय? मी डॉक्टर नव्हे. साखर कामगारांत युनियनचे काम करता करता वाचनालयात बसून जे वाचले, तेच आपल्यापुढे ठेवीत आहे. अफूतून मॉर्फीन वेगळे काढले गेले एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पण ते मेंदूत कोठे जाऊन बसते हे कळायला १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतील पेशींवर अफूची किल्ली बरोबर बसणारी कुलपे दाखवून दिली. स्वीडन व न्यूयॉर्कमधल्या शास्त्रज्ञांनाही त्याच सुमारास ती सापडली. मग साहजिकच शंका आली: खसखशीच्या बोंडासाठी निसर्गाने आपल्या डोक्यात कुलपे कशाला करून ठेवावीत? १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी उत्तर दिले. मेंदू स्वतःच अफूसारखे द्रव्य तयार करतो, आणि कुलपे त्यासाठीच आहेत.

याच्या पुढची गोष्ट कामगाराने ध्यानात घेण्याजोगी आहे. माणूस धास्तावला, दमला, दुखावला की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी दोन द्रव्ये एकदम सोडते. एक शरीराला झुंजायला सज्ज करते, दुसरे म्हणजे ही घरची अफू, एंडॉर्फिन, जी वेदना बोथट करते. ही दोन्ही एकाच मोठ्या रेणूचे तुकडे होत. एका भाकरीचे दोन चतकोर म्हणा ना! ताण आणि त्यावरचा उतारा एकाच परातीत मळलेले आहेत. बाहेरची अफू रोज येऊ लागली की कुलपे बधिर होतात, आणि एके दिवशी ती आली नाही की इतके दिवस दाबून ठेवलेली ताणाची सारी यंत्रणा उसळून वर येते: घाम, थरथर, जुलाब, जिवाची तगमग. मग तो माणूस सुखासाठी अफू घेत नाही, ही तगमग थांबावी म्हणून घेतो. त्याला ‘मनाने दुबळा’ म्हणणाऱ्याने एकदा त्याच्याजवळ रात्र काढावी.

आणि तान्ह्या मुलाचे काय? याक पँकसेप या शास्त्रज्ञाने १९७८ साली कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केले. आईपासून दूर केलेली पिले केकाटतात. मॉर्फीनची अगदी थोडी मात्रा, जिने झोपही येत नाही, ती दिली की त्यांचे केकाटणे कमी होते. आईची ऊब आणि अफू मेंदूत एकाच दारावर थाप मारतात, असा याचा अर्थ. बाळगोळी मुलाला नुसती गुंगी आणत नव्हती, ती आईची जागा भरीत होती. आई त्या वेळी साच्यावर उभी होती.

गांजाचीही हीच कथा, जरा सौम्य. १८९३-९४ साली सरकारने हेंप ड्रग्ज कमिशन नेमले. भीमेपलीकडच्या नगर जिल्ह्यात तेव्हा गांजाचे पीक घेतले जाई. कमिशनने १,१९३ साक्षी तपासल्या आणि बेताने घेतल्यास विशेष अपाय नाही, अतिरेक मात्र घातक, असा निर्वाळा दिला. कष्टकरी लोक शीण घालविण्यासाठी ओढतात, हेही त्यात नमूद आहे. त्यामागचे कारण शंभर वर्षांनी सापडले. १९९२ साली जेरुसलेममध्ये मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतला घरचा गांजा मिळाला, आणि त्याला नाव ठेवले ‘आनंदामाइड’, आपल्या संस्कृत ‘आनंदा’वरून. भीतीच्या केंद्राला हे द्रव्य आवर घालते. उंदरांना सतत धास्तीत ठेवले की त्या केंद्रातले आनंदामाइड घटते, असे प्रयोगांत दिसले आहे.

बाळगोळीविरुद्ध उपदेश पुष्कळ झाला. पण १९२८ साली मुंबई कौन्सिलात आसवले यांचे बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, तेव्हा गोष्ट मुळाशी आली. डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या कामाचा लाभ मालकाला होतो म्हणून त्यालाही सुटका नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला. व्हिटली कमिशनने १९३१ साली पाळणाघरांची शिफारस केली, आणि १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती संख्या तिसावर आणली.

ती अट कारखान्याच्या फाटकाआतली. आपल्या बारामती-इंदापुरात निरा डाव्या कालव्याने ऊस आणला, वालचंदनगरला १९३०नंतरच्या दशकात साखर कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले, आणि दर हंगामाला बीड-नगरकडून कोयते येऊ लागले. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाई पहाटे अंधारात फडात उतरते, तान्हे पाचटाच्या सावलीत झोळीत असते. एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. बाळगोळी आता नाही. दाढांत मिश्री असते, कमरेला तंबाखूची पुडी, कंबर धरली की दुकानातली दुखण्याची गोळी. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्याला बंदी आहे, ती किती पाळली जाते हे आपण पाहतोच. तंबाखूची किल्ली वेगळ्या कुलपाची खरी, पण तीही आत जाऊन घरच्या अफूला हलवतेच.

या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा द्या, फडाशेजारी पाळणाघर काढा, असे आम्ही म्हटले की पहिला सवाल येतो तिचा मालक कोण हा. कारखाना म्हणतो, ती मुकादमाची. मुकादम वाहतूकदाराकडे बोट दाखवतो. वाहतूकदार म्हणतो, मी फक्त उचल पोचवली.