सवड कोणाची? वाईतील चार दिवस

मराठी माणूस गावी जातो तो बहुधा काही निमित्ताने. लग्न, मुंज, जत्रा, तेरावा, नाहीतर सातबाऱ्यावरील नावाची भानगड. काम उरकले की परतीची एस.टी. काही काम नसताना गावी जावे, चार दिवस राहावे आणि ज्या आळ्यांतून शाळेला धावत गेलो त्यांतून रमतगमत हिंडावे, हा योग क्वचित येतो. दिवाळीच्या सुटीत तो आम्हांला लाभला. आम्ही दोघेही वाईचेच, आणि दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवणारे. सोबत आमची दोन मुले, आत्या आणि शाळेपासूनचे तीन मित्र. सहलीचे वर्णन करावे हा येथे हेतू नाही. हिंडताना जाणवले ते इतकेच की, वाई हे गावच मुळी सवडीने घडलेले आहे. आणि ती सवड कोठून आली, कोणाच्या वाट्याला आली, हे विचारल्याखेरीज त्याचा इतिहास पुरा होत नाही.

वाईची पहिली ओळख कृष्णेच्या घाटांची. त्यांवरील वैभवात मोठा वाटा रास्ते घराण्याचा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. पेशव्यांच्या सोयरिकीमुळे या घराण्याचा उत्कर्ष झाला आणि त्याचा मोठा लाभ वाईला मिळाला. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, ढोल्या गणपतीचे १७६२ चे. म्हणजे पानिपताला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा येथे देऊळ उभे राहिले. या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळून दुभंगावा, ही त्यामागची योजना. आमच्यातील स्थापत्य अभियंता मित्र त्या भिंतीपाशी बराच वेळ उभा होता. लहानपणी आम्ही तिच्या आडोशाला लपाछपी खेळलो. तिचा आकार तसा का, हे विचारायला तेव्हा कोणालाच सुचले नव्हते.

वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. हे गाव नाना फडणविसांना १७६८ साली इनाम मिळाले. नानांनी तेथे वाडा बांधला, घाट बांधला, मेणेश्वराचे देऊळ उभारले. आमच्या मुलांना मात्र हा घाट ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटामुळे ठाऊक. घाट पाहून ती म्हणाली, “हे तर आम्ही पाहिलंय!” आम्हांला आधी थोडा विषाद वाटला. पण देवळाजवळची प्रचंड घंटा पाहून तीच मुले थबकली. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाल येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतलीच ही एक. “मग देवळात मेरी कशी?” हा मुलीचा प्रश्न. त्याचे उत्तर देताना वसई, पेशवे, युद्धातील लूट आणि लुटीचे पावित्र्यात होणारे रूपांतर एवढे सगळे सांगावे लागले. वर्गात ज्याला आम्ही संस्कृतिसंकर म्हणतो, तो येथे दोरीला टांगलेला होता.

वाईची दुसरी ओळख कागदाची. नारायणशास्त्री मराठे यांच्या पाठशाळेने १९१६ मध्ये प्राज्ञपाठशाळा हे नाव धारण केले. लक्ष्मणशास्त्री जोशी १९१४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, येथे शिकायला आले. पुढे विनोबाही काही काळ अध्ययनासाठी येऊन राहिले. या पाठशाळेतून धर्मकोश निघाला, ‘नवभारत’ मासिक प्रसिद्ध झाले आणि तर्कतीर्थांमुळे मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईत आले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. ‘अ’ ते ‘ज्ञ’ हा प्रवास करायला एका भाषेला चार दशके लागावीत, याची एरवी थट्टा होते. पण नोंद लिहिणे, तपासणे, परत पाठवणे, पुन्हा लिहिणे हे काम मुंबईच्या गतीने होत नसते. त्याला घाटाकाठच्या गावाची धीमी लय मानवली असावी, असे आम्हांला वाटते.

येथवर आमचे कथन नेहमीच्या अभिमानाच्या वाटेने चालले होते. त्याला खीळ घातली ती शेतकरी मित्राने. गणपती घाटाच्या पायरीवर बसलो असता तो म्हणाला, “अरे, तुमचे आजोबा इथं पोथी घेऊन बसायचे. आमचा आजा नदीवर यायचा तो बैलं धुवायला.” बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण त्यातून जो विषय निघाला, तो चाळीस वर्षांच्या मैत्रीत प्रथमच निघत होता. आमच्या आजोबांची थोडी जमीन त्याचे आजोबा कसत. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. आमच्या घरात त्या प्रसंगाला ‘जमीन गेली’ असे म्हणत. “आमच्यात ‘जमीन झाली’ म्हणतात,” तो हसून म्हणाला. एकच तारीख, एकच तुकडा आणि दोन क्रियापदे. भाषा शिकवणाऱ्यांना याहून मोठा धडा कोणता मिळणार?

आत्याही मग बोलू लागली. बालपणीच्या घाटाच्या आठवणी सांग म्हटले, तर तिला आठवली ती धुण्याची पाटी. “घाटावर बसले कधी गं मी? धुणं आपटायचं, पिळायचं आणि ओलं ओझं घेऊन चढायचं. पायऱ्या किती ते विचार, डोळे मिटून सांगते.” कृष्णाबाईच्या उत्सवात मात्र बायका निवांत बसत, हेही तिने आवर्जून सांगितले. वाईच्या घाटांवर हा उत्सव पाळीपाळीने होतो. देवी नदीच, आणि तिच्यामुळे बायकांना वर्षातून काही दिवस बसायला मिळे.

यावरून रास्त्यांचे बांधकाम किंवा पाठशाळेचे कार्य उणे ठरवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच पाठशाळेतील लक्ष्मणशास्त्र्यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्रार्थ केला. १९३३ साली देवदास गांधी व लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांच्याच पौरोहित्याने लागला. सवड मिळालेल्या विद्येने सवड नाकारलेल्यांची बाजू घेतल्याची ही उदाहरणे मोलाची आहेत. पण सरंजाम आणि इनाम म्हणजे अखेर गावोगावच्या शेतांतून आलेला महसूल. घाटाचा दगड त्यावर बसला आहे. हे सांगितल्याने घाट कुरूप होत नाही, त्याचे मालक वाढतात.

विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाचा प्रकल्प देताना आम्ही आजवर देऊळ, शिलालेख आणि ग्रंथालय यांची यादी देत आलो. यापुढे तीत आणखी दोन साधने असतील: घरातला सातबारा आणि घरातली सर्वांत वृद्ध स्त्री. पहिले तलाठी कार्यालयात केव्हाही मिळेल. दुसऱ्यासाठी सवड काढावी लागेल, आणि लवकर.